डॉक्टरांच्या ओठांत अडकलेला शब्द

टेलरमास्तर एकतीस वर्षं दर गुरुवारी दुकान लवकर बंद करून बंधुमंडळात जायचे. तिथे काय चालतं, याबद्दल घरी त्यांनी कधी ब्रसुद्धा काढला नव्हता. बायकोनं फारच खोदून विचारलं, की म्हणायचे, "चांगला माणूस व्हायला शिकतो." "मग अजून किती वर्षं लागतील?" ती विचारायची.

खरं तर तिथे फार काही नव्हतंच. चष्म्याच्या दुकानावरची एक खोली, त्या दुकानदारासह सात माणसं, मधे दिवा. प्रत्येकाच्या आत उजेड असतो, त्यावर झाकण आपणच घातलेलं असतं आणि ते काढायला मात्र दुसऱ्याचा हात लागतो, ही त्यांची शिकवण. शिवाय एक शब्द. तो फक्त प्रमुखाला ठाऊक. त्यानं जाण्याआधी तो पुढच्याच्या कानात सांगायचा. लिहायचा नाही, अशी शपथ.

प्रमुख होते दातांचे डॉक्टर. आपल्यामागे म्हणून त्यांनी मास्तरांना निवडलं होतं. "घाई काय आहे? सांगू सावकाश," म्हणत राहिले आणि एका सकाळी पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला.

मास्तर रोज दुपारी इस्पितळात जाऊन बसू लागले. ते दिसले की डॉक्टर धडपडून मान उचलायचे. "प... प..." एवढंच तोंडातून यायचं. "पाणी हवंय का हो?" म्हणत डॉक्टरांची बायको लगेच चमचा ओठांना लावायची. मास्तरांच्या अगदी जिभेवर यायचं: वहिनी, पाणी नव्हे ते! पण सांगणार कसं? तिला तर शब्द नावाचं काही आहे, हेही कळता कामा नये.

पाचव्या दिवशी वहिनी औषध आणायला खाली गेल्या. मास्तरांनी खिशातली वही काढली, डॉक्टरांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली.

"डॉक्टर, मोडू द्या शपथ. पाप माझ्या माथी."

डॉक्टरांची बोटं पेन्सिलीभोवती आवळली. कितीतरी वेळ ते वहीकडे बघत राहिले. मग पेन्सिल सोडून दिली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पेन्सिल पलंगाखाली घरंगळली. मास्तर वाकून उगाचच शोधत राहिले; वर बघायचा धीर होईना.

दोन दिवसांनी डॉक्टर गेले.

गुरुवारी सहा जण जमले. "मिळाला ना?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"नाही."

चष्मेवाला हळूच म्हणाला, "मास्तर, तुम्ही आपला कुठलाही धरा. आम्हाला थोडंच कळणार आहे?"

"मला कळेल ना," मास्तर म्हणाले.

पुढच्या खेपेला चौघं आले, मग दोघं. महिनाभरानं चष्मेवाला चाचरत म्हणाला, "खोलीत फ्रेमची खोकी ठेवली तर... रागावणार नाही ना?" मास्तरांना नाही म्हणवेना. उलट त्याच्याबरोबर तेही जिना चढू लागले. चौदा खेपा झाल्या. खिडकीपर्यंत खोकी रचून झाल्यावर, आता बसायचं कुठे, ते त्यांना कळेना. ते तसेच उभे राहिले.