दयारामचे पाय

काजल, काल तू मोबाइलवर तो पुढाऱ्याचा पिच्चर पाह्यत व्हती ना, ज्याच्यात पोरगा पयले गरिबासाठी भांडते अन् मंग खुर्चीसाठी दोस्ताले इकते, तो पाहून मले आपला दयाराम आठवला. पिच्चरमदी मानूस बिघडला का ढमढम बाजा वाजते. गावात काही वाजत नाही, आपल्यालेच पाहा लागते. लिह्य तू, तुही आजी सांगते.

दयाराम माह्या डोयासमोर मोठा झाला. उंद्रीच्या बाजारात वांगे इकायचा. गिट्टीवाल्या कंपनीनं आपल्या गायरानावर खुट्या ठोकल्या, तं ह्याच पोरानं त्या उपटून फेकल्या. अन् मारोतीच्या पारावर बोलला, "गायरान गावाचं पक्कं होईस्तोवर पायात चप्पल घालनार नाही." उन्हाया म्हनू नको, पावसाया म्हनू नको, अनवाणी फिरला. बायांनी त्याले पायासाठीच सरपंच केला. गल्लीत आला का उंबऱ्यावर त्याचे पाय धुवायच्या, ववाळायच्या.

त्यात माही शेजारीन पंचफुला पयली. एकटी बाई, बकऱ्यावर पोट. गायरान गेलं तं तिनं बकऱ्या कुठं चाराव्या?

सरपंच झाला अन् दयाराम पांढऱ्या गाडीत फिराले लागला. आज मलकापूर, उद्या बुलढाना. पन गल्लीच्या तोंडाशी उतरायचा, तिथून पायी.

म्या म्हटलं, "पंचफुले, हा गाडी आत काऊन आनत नाही वं?"

"गल्ली लहान हाय ना, मावशी."

"कचऱ्याचा ट्रॅक्टर तं मावते."

"तुमाले तं मारोतीवरबी शक येईन," ते म्हने.

मे महिन्यात ग्रामसभा व्हती. आदल्या दिवशी तो पंचफुलेच्या दारात आला. "उद्या सारे हात वर करा. गायरानाचं माह्यावर सोडा, मी पाहून घेतो."

"पाहून घेतो म्हंजे काय करशीन बाप्पा?" म्या इचारलं.

"आज्जी, माह्यावर भरोसा नाही काय?"

"हाय ना. म्हनूनच इचारून राह्यली."

तो हासला अन् मोबाइल पाहाले लागला. पंचफुलेच्या हाताले भाकरीचा चटका बसेल व्हता. ते ववाळायचं ताट घेऊन उभी राह्यली अन् मले म्हने, "मावशी, आज पाय तुमी धुवा."

म्या पाय हातात घेतला. माह्या टाचा अशा फुटेल का सुतळी अडकते. अन् याची टाच लेकराच्या गालावानी. वर नुसता फुपाटा. पानी टाकलं तसा तो गेला, अन् खाली पाय उन्हानं काया, पन अंगठ्यापासून दोन्हीकडं दोन पट्टे गोरे. चपलीच्या वादीचे. तिथं ऊन लागेलच नोयतं.

बोंबलली असती तं म्हातारी भ्रमली म्हनले असते. म्या उठली, घरातून तुह्या आज्याच्या चपला आनल्या अन् त्याच्या पायासमोर ठेवल्या.

"घाल बाप्पा. जमीन तापेल हाय."

"आज्जी, माहा नेम हाय ना."

"वादीची जागा तयार हाय तुह्या पायावर. पंचफुले, पाह्य."

पंचफुला वाकली. ताटातला दिवा पायाजोळ नेला. कितीतरी वेळ पाह्यत राह्यली. त्यानं पाय मांगं घेतले.

"तालुक्याले सायबापाशी अनवाणी गेलं तं कोनी खुर्ची देत नाही, आज्जी. तिथंच घालतो फक्त."

"अन् सायबापाशी गायरानाचं काय ठरलं?"

तो गल्लीकडं पाहून बोलला, "मोठं व्हायचं तं सारंच धरून चालत नाही. गिट्टीवाल्याले एक कोपरा देला तं गावाचं काय जाते?"

पंचफुलेनं ववाळलं नाही. ताट घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सभेत दयाराम म्हने, हात वर करा. पंचफुला दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली. गल्लीतल्या बाया तिच्याकडं पाह्यत व्हत्या. एकीचाबी हात वर गेला नाही. ठराव मंजूर झालाच नाही. दयाराम त्या दिवशीबी अनवाणीच व्हता, पन पाय सतरंजीखाली घेऊन बसला.

बकऱ्या अजून गायरानावर चरून राह्यल्या. पंचफुला तिथं बसून रस्त्याकडं पाह्यते, कोनाची गाडी येते म्हनून. परवा मले म्हने, "मावशी, तो कवापासून घालत असंन चपला?"

म्या म्हटलं, "त्यालेबी याद नसंन आता."