वन्संच्या स्लाइडमधली बाई

आमच्या वन्संना जिचा संताप येत नाही अशी वस्तू सोलापूर शहरात अजून बांधली, विकली किंवा शिजवली गेलेली नाही. रिक्षावाल्यानं 'ताई' म्हटलं तर ओळख नसताना सलगी म्हणून संताप, 'मॅडम' म्हटलं तर गुलामगिरी म्हणून संताप, आणि नुसतंच 'बसा' म्हटलं तर उद्धटपणा म्हणून त्या रिक्षातून उतरून चालत यायच्या. शेंगाचटणीच्या पुड्यावर इंग्रजीत काही चुकीचं छापलेलं दिसलं की पुडा परत. दुकानदार म्हणायचा, "चव तर बरोबर हाय की बाई!" त्यावर वन्सं म्हणायच्या, "चव जिभेला कळते हो, चूक डोळ्यांना टोचते." वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. मुलाकडच्यांच्या पत्रात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, हे त्याचं घरात सांगितलं जाणारं कारण. आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर त्या राहायच्या आणि पूर्व भागातल्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मुली यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या, विड्या वळणाऱ्यांच्या. त्यांच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि इंग्रजीची गाठ थेट आमच्या वन्संशी.

अशा बाईच्या हाती संगणक आला तोही संतापातूनच. निवृत्तीला पाच-सहा वर्षं उरली असताना शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. विषय होता पॉवरपॉइंटवर इंग्रजी कसं शिकवावं. एक तरुण प्रशिक्षक आला होता. त्याच्या एकेका स्लाइडवर मुंग्यांच्या वारुळासारखा मजकूर, त्यातली अक्षरं एकेक करून कोलांट्या मारत यायची, प्रत्येक अक्षराला टिंग असा आवाज व्हायचा, आणि मग तो ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचा. तासभर सोसल्यावर वन्सं उभ्या राहिल्या. "बाळ, एवढं मला वाचता येतं. तू शिकवणार कधी?" तो बिचारा म्हणाला, "मॅडम, हेच शिकवणं आहे." या चार शब्दांनी पुढचं सगळं घडलं. वन्सं घरी आल्या त्या चपलांसकट माझ्या स्वयंपाकघरात. "पोरींच्या डोळ्यांत अक्षरं ओतायची आणि त्याला शिकवणं म्हणायचं? दाखवते मी यांना!"

मी एका पतसंस्थेत कामाला, त्यामुळे घरातली संगणकतज्ज्ञ मीच. महिनाभर रोज संध्याकाळी शिकवणी चालली. शिकवणी माझी, बोलणीही मलाच. "हा बाण माझ्याआधी पळतो कशाला?" "हे यंत्र मला विचारतं, 'तुम्हाला खात्री आहे का?' तीस वर्षं शिकवतेय मी, मला खात्री आहे का विचारतं!" पण शिकल्या. आणि शिकल्या म्हटल्यावर नियम आले. एका स्लाइडवर एक चित्र, एक वाक्य, वाक्यात सहापेक्षा जास्त शब्द नाहीत, आणि चित्र सोलापूरचंच. "आमच्या मुलींना परदेशातली नदी कशाला? टँकरमागं घागरी घेऊन पळणाऱ्या बायका दाखव. पाणी आलं होतं, येतंय, येईल. तिन्ही काळ त्यातच आले!"

शाळेत प्रोजेक्टर मिळाला, पडदा मिळाला नाही. त्याचा संताप करून झाल्यावर वन्सं पांढरी चादर आणायला गेल्या. सोलापुरात चादर मागायला गेलात तर मोर, कमळं, चौकडी, सगळे रंग तुमच्यापुढे उलगडतात. पण कोरी पांढरी, एकही फूल नसलेली चादर मागितल्यावर दुकानदाराचा चेहरा पडला. हळू आवाजात म्हणाला, "कोण गेलं, बाई?" वन्सं म्हणाल्या, "इंग्रजी. पण अजून धुगधुगी आहे, लवकर द्या."

मग फोटोंचा सपाटा सुरू झाला. हातात मोबाइल, डोक्यात व्याकरण, आणि समोरचा माणूस, जनावर, वस्तू काहीही असो, त्याचं वाक्य व्हायचं. सोलापूरजवळच्या मंद्रूपच्या बाजारात एक शेळी कुणाचीतरी पिशवी खात होती. वन्सं चालू वर्तमानकाळासाठी उकिडव्या बसल्या. शेळीवाला आला. "काय ओ बाई, घ्यायची हाय का?" "नाही हो, शिकवायला हवी आहे." तो शेळीकडे बघत राहिला. "शेळीला शिकीवता व्हय? लई अवघड हाय की." घरातलेही सुटले नाहीत. माझा नवरा रविवारी दुपारी कोचावर तोंड उघडं टाकून झोपला होता, तो सोमवारी आठवीच्या वर्गात चादरीवर झळकला. खाली वाक्य होतं, 'ही हॅज बीन स्लीपिंग सिन्स टू.' पुढे वर्षभर बाजारात, बसस्टॉपवर कुठल्याही दोन वेण्यांच्या मुली त्याला बघून खुदकन हसायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, "सिन्स टू!" तो चिडला, मीही चिडले. घरातल्या माणसाची अशी शोभा! वन्सं म्हणाल्या, "चालू पूर्ण वर्तमानकाळ माझ्या एकाही मुलीचा चुकत नाही आता. तुझ्या नवऱ्याचा दुसरा काही उपयोग असेल तर सांग." मला लगेच सुचलं नाही.

आणि खरंच, मुली बोलायला लागल्या. आपल्या गल्लीतला नळ, आपल्या ओळखीचा भाजीवाला पडद्यावर बघून त्यांची तोंडं उघडायची. ही बातमी शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांपर्यंत गेली आणि त्यांनी वन्संचा पाठ बघायला यायचं ठरवलं. वन्सं आठवडाभर धुमसत होत्या. "आजवर वर्गात पाऊल टाकलं नाही यांनी. आता मशीन आलं तर बघायला येतायत!" तरी तयारी मात्र जिवापाड केली. पाठाच्या दिवशी मला रजा काढायला लावली. लॅपटॉपचं बटण दाबायला त्यांचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता.

पाठ रंगला. अध्यक्ष पहिल्या रांगेत खुर्चीवर, मुली बाकांवर, वन्सं चादरीशेजारी उभ्या. त्यांनी मान हलवली की मी बटण दाबायचे. सातवी की आठवी स्लाइड आली. शाळेमागच्या गल्लीतली एक बाई उंबऱ्याशी बसलेली, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, खाली मान घालून विडी वळते आहे. वन्संनी लांबून, तिला कळू न देता टिपलेला फोटो. कारण माणूस सावध झाला की वाक्य खोटं होतं, असं त्यांचं मत. खाली लिहिलेलं होतं, 'शी इज रोलिंग बिडीज.'

"ए, पद्माची आई!" कुणीतरी म्हणालं. आणि मागून दुसरीनं नाक चिमटीत धरून वाक्यातला पहिलाच शब्द मराठीत म्हटला. "शी!"

सगळा वर्ग फुटला. अध्यक्षांना वाटलं, मुलींना विनोद कळला. तेही हसले आणि टाळ्या वाजवत म्हणाले, "वा, एकदम आपल्या मातीतलं!" तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीची मान खाली गेली, इतकी खाली, की मला फक्त तिच्या वेणीची रिबन दिसत होती. वन्संनी मान हलवली. मी बटण दाबलं.

तिसऱ्या दिवसापासून पद्मा शाळेत यायची बंद झाली. मधल्या सुट्टीत मुली तिच्याभोवती 'शी, शी' करत फिरत होत्या, हे वन्संना कळलं तेव्हा जो स्फोट झाला तो मी जन्मात विसरणार नाही. आधी वर्गावर. "शी म्हणजे ती! बाई! माणूस! ज्या पानांवर तुमची घरं चालतात त्यांना नाक दाबता?" निम्म्याहून अधिक मुलींच्या आया विड्याच वळत होत्या, सगळ्या रडल्या. मग अध्यक्षांवर. त्यांनी तो फोटो पडद्यावरून टिपून 'आमचा अभिनव उपक्रम' म्हणून गावभर पाठवला होता. त्यांच्या कचेरीत जाऊन वन्संनी तो त्यांच्याच मोबाइलमधून पुसायला लावला. मग माझ्यावर, बटण दाबलं म्हणून. मग नवऱ्यावर, त्याचा फोटो बघून मुलींना माणसांवर हसायची सवय लागली म्हणून. सगळ्यांवर चिडून झालं आणि चिडायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. एकटीनं जायचा धीर नाही."

पद्माचं घर म्हणजे एक खोली. तिची आई, नरसम्मा, तशीच सूप घेऊन बसलेली. आम्हाला बघून उठली नाही, हातही थांबला नाही. पद्मा मागच्या दाराआड होती.

"बाई, विडीची लाज न्हाई मला," नरसम्मा म्हणाली. "विडीवरच ही पोरगी आठवीपतुर आली. पर तुमी इचारला न्हाई की. त्या दिवशी मला ताप होता. केस इस्कटलेले, साडी फाटकी. तसंच दाखवला सगळ्यास्नी."

नरसम्मानं सुपातून पुढचं पान उचललं.

"आनि खाली काय लिवलंय? पोरगी सांगंना."

"ती... ती विड्या वळत आहे," वन्सं म्हणाल्या.

"ती म्हंजे कोन?" नरसम्माचा हात आता थांबला. "मला नाव हाय की."

तेहतीस वर्षं सर्वनामं शिकवलेल्या आमच्या वन्सं. चुकून कुणाच्या पायावर पाय पडला तरी 'तुमचा पाय इथे कशाला होता' असं विचारणाऱ्या. त्या जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं." पुढे काही जोडलं नाही, कारण दिलं नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

नरसम्मानं आम्हाला पाणी दिलं. सूप बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले. "काढा परत," ती म्हणाली. "थांबा. वेणी घालते." तिनं तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि पद्मानं ट्रंकेतून जांभळी इरकल काढून दिली. वेणी झाली, कुंकू झालं. फोटो पद्मानं काढला. वन्संनी मोबाइल तिच्या हातात दिला होता. "आनि लिवा," नरसम्मा म्हणाली, "हजार विड्या वळते मी दिवसाला. गल्लीत कुनाला जमत न्हाई."

वन्सं वाक्य जुळवू लागल्या तर पद्माचा बारीक आवाज आला, "कॅन रोल, बाई." असं ते वाक्य तयार झालं. 'नरसम्मा कॅन रोल अ थाउजंड बिडीज अ डे.' मी मनात शब्द मोजले. आठ होते. वन्संनी एकही कमी केला नाही.

ती स्लाइड वर्गात लागली तेव्हा कुणी हसलं नाही. पद्मा शाळेत परत आली, दहावी चांगली पास झाली. पण वन्संच्या तासाला तिनं आपणहून हात कधी वर केला नाही. विचारलं की बरोबर उत्तर द्यायची आणि बसायची. वन्संनी त्यानंतर विचारल्याशिवाय कुणाचा फोटो घेतला नाही, आणि विचारायला गेल्या की निम्मे लोक 'नको' म्हणायचे. त्यामुळे स्लाइड्स थोड्याच उरल्या. वन्सं निवृत्त झाल्या त्याच वर्षी संस्थेनं बाहेरून तयार धडे विकत घेतले. त्यात गोरी मुलं छत्र्या घेऊन हसत पळतात आणि एक गोड आवाज सगळं वाचून दाखवतो. मी मात्र अजून चिडते त्यावर.

परवा संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून आम्ही दोघी बसलो होतो. गार वारा येईपर्यंत बसायचं, एवढंच काम होतं. वन्सं एकदम म्हणाल्या, "तो पहिला फोटो लागला ना गं, तेव्हा मी पडद्याकडे बघत होते. किती छान आलाय असं वाटत होतं मला. पद्माकडे बघितलंच नाही." मग त्यांनी विचारलं, "तुला दिसली होती का ती?"

"नाही वन्सं," मी म्हटलं. ती वेणीची रिबन अजून डोळ्यांसमोर होती. "मी बटणाकडे बघत होते."