मेहुण्यांचं चाकांवरचं घर घ्यावं का?

पहिली तक्रार टोपीची. माणसाने घर बांधावं, त्याला दोन खिडक्या ठेवाव्यात, भिंतीतून ओढून काढायचं टेबल करावं, बाकाखाली तांदळाचा डबा बसवावा, आणि एवढ्या प्रपंचात एक साधी खुंटी विसरावी, याला काय म्हणायचं? सबंध सहलभर माझी टोपी निराधार होती. मांडीवर ठेवली की चुरगळे, बाकावर ठेवली की कुणीतरी तिच्यावर बसे, आणि डोक्यावर ठेवून उभा राहिलो की छताला लागून कपाळावर उतरे. ज्या वास्तूत गृहस्थाच्या टोपीला आश्रय नाही तिला घर म्हणावं की नाही, हा वादसभेत मांडण्याजोगा प्रश्न आहे. पूर्वपक्ष माझ्या मेहुण्यांचा, खंडन माझं.

मेहुणे म्हणजे मधुकरराव, हिचे धाकटे बंधू. अकोल्याला त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. लष्करी लिलावात त्यांना दोन चाकांचा एक जुना ट्रेलर मिळाला, आणि त्याच सुमारास कुणीतरी त्यांना एक इंग्रजी मासिक दाखवलं. त्यात एक गोरं कुटुंब तळ्याकाठी अशाच एका डब्याच्या दारात बसून हसत होतं. ते कशाला हसत होतं हे छायाचित्राखाली लिहिलेलं नव्हतं. मधुकररावांनी मात्र त्याचा अर्थ लावला आणि ट्रेलरवर पत्रा, प्लायवूड नि बाक चढवून एक घर उभं केलं. एका बंद पडलेल्या पानठेल्याचा दरवाजा त्यांच्याकडे पडून होता, तो याला बसला. पानठेला बाहेरून बंद करायचा असतो, त्यामुळे कडीही बाहेरच राहिली. आतून लावायला काही नाही. "आतून दोरी बांधून देतो ना, भाऊजी," असं ते म्हणाले होते. दोरी अजून यायची आहे.

"तुम्हाला म्हणून चार हजार," मधुकरराव म्हणाले. "आधी नेऊन बघा. जीप माझी, चालवणार मी. पेट्रोल तेवढं तुमचं."

पेट्रोलचे भाव चढल्यापासून 'तेवढं' हा शब्द कुणी इतक्या सहज उच्चारलेला मी ऐकला नव्हता.

मी नाहीच म्हणणार होतो. पण हिने ऐकलं नाही. आमच्या थोरल्या विद्याचं लग्न वैशाखात आहे. स्थळ जबलपूरचं, एकत्र कुटुंब, माणसं भरपूर. आम्ही ते घर एकदा पाहिलं, तेही चहापुरतं.

"त्याआधी एकदा आपण चौघं कुठंतरी जाऊ," ही म्हणाली. "पण कुणाच्या घरी नको. कुणाच्या घरी गेलं की तुम्ही ओसरीवर आणि मी त्यांच्या चुलीपाशी. मला माझ्या मुलींजवळ बसायचंय."

मी मधुकररावांना हो कळवलं. फाल्गुन अर्धा सरला होता आणि उन्हाला धार आली होती, तेव्हा एका सकाळी आम्ही वाशीमहून निघालो. जीपमध्ये पुढे मधुकरराव आणि मी, मागे ही, विद्या आणि धाकटी कुंदा, आणि त्यामागे खडखडत आमचं घर.

वाचकहो, असं काही घेण्याचा विचार असेल तर रस्त्याबद्दल आधी सांगतो. गावाबाहेर पडलं की खडी उखडलेली आहे. जीप खड्डा चुकवते, पण मागचा डबा चुकवत नाही. त्याला तेवढं स्वातंत्र्य नसतं. प्रत्येक खड्ड्याला आतली भांडी एकदम बोलत. शिवाय हे प्रकरण मागे घेता येत नाही. जीप मागे न्यावी तर डबा आडवा होतो. शेलूबाजारात चहासाठी थांबलो, तिथून निघताना हॉटेलातली सहा-सात माणसं उठवून डबा हातांनी ढकलून सरळ करावा लागला.

ढकलणाऱ्यांपैकी एकाने पत्र्यावर थाप मारून विचारलं, "कोनता सिनेमा आनला, भाऊ?"

"सिनेमा नाही," मी म्हणालो.

"मंग आत काय हाय?"

"आम्ही राहतो."

त्याने एकदा हिच्याकडे पाहिलं, मुलींकडे पाहिलं, आणि आवाज उतरवून म्हणाला, "काहून, बाप्पा? घर पडलं का?"

कुंदा तोंडाला रुमाल लावून हसली. मधुकरराव जीपचं इंजिन तपासू लागले. इंजिनात काही बिघडलेलं नव्हतं.

गावाबाहेर आमराईत मुक्काम करावा असा बेत होता. पण शेलूबाजारात किसनराव राहतात. त्यांनी कळवलेल्या शेताच्या, बाजाराच्या बातम्या मी वर्षानुवर्षं वर्तमानपत्राला पाठवत आलो आहे. आमच्या आगमनाची बातमी त्यांना आम्ही आमराईपर्यंत जाण्याआधीच मिळाली. ते सायकलवरून आले.

"शास्त्रीबुवा, हे काय होय?"

"सहल, किसनराव."

"माह्या गावात येऊन पेटीत झोपता? उद्या मले लोक इचारतीन ना, किसन्याच्या घरी खाट नव्हती का म्हून! चाला."

"अहो, पण यात झोपायचं म्हणूनच तर..."

"ते तुमी चंद्रपूरच्या जंगलात झोपा. इथं नाही."

आणि संपलं. ही त्यांच्या चुलीपाशी गेली, मुली भाकऱ्या थापायला बसल्या, मी ओसरीवर. डबा अंगणात रिकामा उभा राहिला आणि गावातली पोट्टी रात्री नि पुन्हा सकाळी त्यात चढउतार करत होती. त्यांना बाहेर काढून मधुकररावांनी दाराला कडी घातली. मग येताजाता, दार दिसलं की कडी घालायची, अशी त्यांना सवयच लागली.

म्हणजे या वाहनाचं पहिलं लक्षण असं ठरलं की हे तिथेच वापरावं जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही. आमच्या भागात तसं गाव शोधून दाखवा, मी चार हजार काढून देतो.

दुसऱ्या दिवशी कारंज्याला थांबलो. तिथे मूगभजी गरम मिळतात, ती घ्यावीत. सरकारी विश्रामगृहही आहे. तिथला खानसामा माणसाला ताट, पाणी आणि खुंटी देतो, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. मग दुपारच्या आत धनजला पोचलो. धनजला गवई गुरुजी आहेत. आम्ही दोघं एके काळी एकाच शाळेत शिकवत होतो, ते गणित आणि मी संस्कृत. मुलं आम्हा दोघांनाही सारखीच घाबरत. डबा त्यांच्या घरालगतच्या शाळेमागे उघड्यावर लावला, कारण कडुनिंबाखाली वळवायला जागा नव्हती. आता जेवणाचा आग्रह. मी या वेळी वादच केला नाही.

गुरुजींच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली स्वच्छ सारवलेली जमीन. आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची, हा आमच्याकडचा नेम. त्याप्रमाणे गुरुजी, मधुकरराव आणि मी बसलो. ज्वारीची गरम भाकर, झुणका, तर्रीची वांग्याची भाजी. मधुकरराव डब्याला पंखा बसवण्याबद्दल बोलत होते. मी त्यांना बॅटरी कुठे ठेवणार ते विचारत होतो. चेष्टा रंगली होती. बरंच सावकाश जेवलो.

मग बायकांची पानं मांडली गेली. तेव्हा गुरुजींची पत्नी पानांकडे बघत म्हणाली, "अन् नवरी कुठं हाय?"

ही म्हणाली, "कुंदाजवळ असेल."

कुंदा म्हणाली, "माझ्याजवळ कुठे? मला वाटलं तुझ्याजवळ आहे."

"मगापासून?"

मला वाटत होतं की ती बायकांत आहे. गुरुजींच्या पत्नीला वाटत होतं की ती विहिरीवर आहे. मग कुंदाला आठवलं की आल्या आल्या ताई कपबश्या आणायला डब्यात गेली होती. मधुकररावांचा चेहरा उतरला. ते चपला न घालताच धावले.

कडी लावलेली होती. त्यांनीच लावली होती, जाता जाता, सवयीने. दार उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ आली. पत्र्याला हात लागत नव्हता. विद्या बाकावर बसली होती. चेहरा लाल, केस गळ्याला चिकटलेले, साडी पाठीवर ओली. समोर सगळ्या कपबश्या पुसून ओळीने मांडून ठेवल्या होत्या.

हिने तिला बाहेर ओढलं. गुरुजींच्या पत्नीने तांब्याने तिच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि गूळ-पाणी पाजलं. बराच वेळ तिला धाप होती.

"हाक का नाही मारलीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"तुमची पंगत बसली होती ना, बाबा," ती म्हणाली. "म्हटलं, कुणीतरी येईलच."

"अगं, पण पत्र्यावर थाप तरी मारायची!"

"शाळा भरलेली होती. मुलं जमली असती. बरं दिसलं नसतं."

मधुकरराव डब्याच्या चाकापाशी उकिडवे बसून राहिले. "ताई, माझीच चूक," असं हिला दोनदा म्हणाले. ही त्यांच्यावर रागावलीसुद्धा नाही, फक्त विद्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

शेवटी गुरुजींची पत्नीच बोलली. "पाह्य पोरी, अशा वक्ती बोंब मारा लागते. गाव गोळा झालं तं होऊ दे. मार बरं एक आता."

"आत्ता?" विद्या हसली.

"आताच. आयकू दे मले."

विद्याने इकडेतिकडे पाहिलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "आई." तेवढंच. कुंपणाला बांधलेल्या शेळीनेही मान वर केली नाही.

"याले बोंब म्हन्तेत का वं?" बाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो.

संध्याकाळपर्यंत मानोऱ्याजवळ पोचलो. ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून अखेर एका ओढ्याकाठी डबा त्याच्या हेतूप्रमाणे उभा राहिला. जवळच तांडा होता. ऊसतोडीहून परतलेल्या बैलगाड्या तिथे सोडलेल्या, त्यांत भांडी, गोधड्या, कोंबड्या, लेकरं. आमच्यापेक्षा व्यवस्थित लावलेलं सामान. एक म्हातारी काठी टेकत आली. तिने डब्याला एक प्रदक्षिणा घातली आणि हिला विचारलं, "कोनत्या कारखान्यावून आल्या, माय?"

"आम्ही ऊस तोडायला नव्हतो गेलो, आजी. सहजच निघालो."

"सहज?" म्हातारीने पुन्हा डब्याकडे पाहिलं. "आमाले तं पोटासाठी निंघा लागते. तुमाले कोनं घराबाहेर काढलं?"

याला मधुकररावांच्या मासिकात उत्तर असेल.

पण एक गोष्ट त्या डब्याच्या बाजूने सांगितली पाहिजे, नाहीतर हे लेखन एकतर्फी होईल. त्या संध्याकाळी आम्हाला कुणी जेवायला बोलावलं नाही. हिने स्टोव्हवर खिचडी टाकली, आणि ती उतरल्यावर दार सताड उघडं ठेवून ती आणि मुली उंबऱ्यावर बसल्या. विद्या मधे. कुंदा शेलूबाजारच्या माणसाची नक्कल करत होती, "घर पडलं का, बाप्पा?" आणि तिघी इतक्या हसत होत्या की ताटं हलत होती. मी जरा दूर दगडावर टोपी गुडघ्यावर ठेवून बसलो होतो. मासिकातलं ते छायाचित्र मला आठवलं, आणि पहिल्यांदाच त्याचा फार राग आला नाही.

मंगरूळपीरवरून दुपारपर्यंत घरी आलो. घरात शिरल्याबरोबर टोपी खुंटीला लावली.

तर आता निर्णय. घेऊ नका. एवढ्या पैशांत सबंध कुटुंब एस.टी.ने कितीतरी वर्षं फिरेल, सरकारी विश्रामगृहात राहील, आणि मागे घेताना त्यांना ढकलावं लागणार नाही. ज्यांना भाऊबंद नाहीत, मित्र नाहीत, रस्ते गुळगुळीत आहेत आणि ऊन सौम्य आहे, त्यांनी खुशाल घ्यावं. आपल्याकडे यातलं काहीच नाही. हे मी मधुकररावांना सांगितलं. एरवी ते वाद घालतात, या वेळी घातला नाही. ते म्हणाले, "विकणारच नाही मी हा आता." धनजहून निघण्यापूर्वीच त्यांनी ती बाहेरची कडी पक्कडीने उखडून शाळेमागच्या नाल्यात फेकली होती. नंतरच्या रस्त्यावर दार सुतळीने बांधलं, आणि ते दर खड्ड्याला उघडत होतं.

हिला विचारलं, सहल कशी झाली? ही म्हणाली, "मानोऱ्याची संध्याकाळ चांगली होती." मग सहलीची भांडी जागेवर लावताना म्हणाली, "जबलपूरच्या घरी किती माणसं आहेत हो?"

"सोळा-सतरा."

"पंगती पडत असतील."

"पडत असतील."

लोक चांगले आहेत. मुलगा शहाणा वाटला. त्यांच्याविरुद्ध माझ्याजवळ एक शब्द नाही. कुणी मुद्दाम विद्याला त्रास देईल असं मला वाटत नाही, मधुकररावांनीही मुद्दाम काही केलं नव्हतं.

टोपीबद्दल मी एवढं लिहिलं, कारण ते लिहिणं सोपं होतं. मला भीती वाटते ती ही की उद्या जबलपूरला तिला काही सोसेनासं झालं, तर ती तिथेही कपबश्या पुसत बसेल, आणि आम्हाला हाक मारणार नाही.