अण्णाचं वूंड मेडल

अण्णा गेल्याचा फोन मला उरणला आला. तिथल्या कंटेनर यार्डात मी क्लार्क आहे. फोनवर अण्णाच्या सिक्युरिटी एजन्सीचा सुपरवायझर होता. "जाधव गेटवरच कोसळले हो... काही करायला वेळच मिळाला नाही," एवढंच तो बोलला. पावणे गावातल्या कारखान्याच्या ज्या फाटकावर माझा थोरला भाऊ इतकी वर्षं उभा राहिला, तिथेच तो गेला. संध्याकाळी सानपाड्याला त्याच्या घरी पोचलो, तर दारात माझ्याही आधी एक भलंमोठं पुष्पचक्र येऊन पडलेलं. त्यावर पट्टी होती, 'शूर सैनिकास मानवंदना'. पाठवणारा एजन्सीचा मालक, रिटायर्ड कर्नल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शूर! अण्णा जिवंत असताना हा शब्द या मालकाच्या तोंडातून कधी निघाला नाही, आणि आता फुलांत घालून पाठवतोय. मी ते चक्र उचललं आणि जिन्याखाली नेऊन टाकलं. वहिनीने पाहिलं, पण अडवलं नाही.

या कर्नलसाहेबाचं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील, आणि नाहीच ओळखलं तर मला भेटा, सांगतो.

एकाहत्तरच्या लढाईत हा साहेब कॅप्टन होता आणि अण्णा त्याच्या जीपचा ड्रायव्हर. एका रस्त्याने दिवसाउजेडी जायचं नाही असा हुकूम होता. लांबच्या वाटेचा कंटाळा आला म्हणून साहेबाने नेमक्या त्याच रस्त्याने जीप घ्यायला लावली. पलीकडून तोफेचा गोळा आला. जीप उलटली, साहेबाला नुसतं खरचटलं आणि अण्णाचा उजवा खांदा फाटला. आता हुकूम मोडला हे वर कुठल्या तोंडाने सांगणार? साहेबाने सांगितलं, जीप खड्ड्यात जाऊन उलटली. झालं! लढाईतल्या जखमेसाठी सरकार वूंड मेडल देतं, पण जखम शत्रूच्या हातची असली तरच. गाडीच्या अपघाताला ते नाही. खांद्यातून निघालेलं लोखंडसुद्धा जीपचंच असणार, असं म्हणून सगळे मोकळे झाले. अण्णा हॉस्पिटलात बेशुद्ध पडला होता, आणि इकडे त्याच्या वाट्याला साहेबाची जीप उलटवणारा ड्रायव्हर असं नाव आलं. हात कामातून गेला म्हणून पुढे त्याला घरी पाठवलं.

मेडलपेक्षा त्याला हे जास्त लागलं होतं. सोसायटीत झेंडावंदनाला पोरं विचारायची, "काका, तुमचं मेडल कुठाय?" तर हा म्हणायचा, "धुवायला टाकलंय रे." पोरं हसायची, तोही हसायचा. घरी आला की मात्र मला म्हणायचा, "जीप मी उलटवली नव्हती रे बाळ्या... माझ्या हातून कधी सायकल आडवी झाली नाही."

त्याने मेडलसाठी कितीदा तरी अर्ज केले. उत्तर ठरलेलं, तेव्हाच्या अधिकाऱ्याचं म्हणणं आणा. तो अधिकारी रिटायर होऊन वाशीत बंगला बांधून बसला होता. अण्णा तिथे गेला. साहेबाने चहा पाजला, पाठ थोपटली आणि म्हणाला, "जाधव, नोकरी देतो, चांगली देतो. पण ते जुनं उकरू नकोस." आणि आमच्या अण्णाने ती नोकरी घेतली! मी तर खवळलोच. "लाज नाही वाटत? लाथ मार त्या नोकरीला!" अण्णा शांतपणे पान लावत होता. म्हणाला, "त्याचं ऑफिस कारखान्याच्याच कंपाउंडात आहे. रोज सकाळी त्याची गाडी फाटकाशी थांबते, फाटक मी उघडतो. माझा हात कपाळापर्यंत जात नाही, म्हणून मी मान खाली नेऊन सॅल्यूट मारतो. त्याला ते रोज बघावं लागतं. हे सोडू होय मी?" त्या दिवसापासून मी त्याला नोकरीबद्दल एक शब्द विचारला नाही.

दहाव्याला आम्ही खाडीच्या काठी गेलो. वहिनी हट्टाने आली, तिच्याबरोबर चार बायकाही. साहेबही आला, काळा गॉगल लावून, आणि मागे त्याचे गार्ड रांगेत, बहुतेक सगळे माजी सैनिक. पिंड ठेवला. कावळे समोरच्या भिंतीवर बसून होते, पण खाली येईनात. कसे येतील? मी पिंडाला चिकटून उभा होतो आणि हलणार नव्हतो. भटजी म्हणाले, "जरा लांब व्हा." मी म्हटलं, "होतो. त्याचं एक राहिलंय." वहिनीच्या भावाने हात जोडून सांगितलं, ताईला अंतर देणार नाही. कोणी अण्णाच्या पोराच्या शिक्षणाची हमी घेतली. ऊन चढलं. बायका कुजबुजायला लागल्या, जीव अडकलाय कशात तरी. तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "साहेब, त्या दिवशी जीप कशी उलटली ते सांगा त्याला."

साहेब म्हणाला, "इथे हा विषय कशाला? ऑफिसला ये, बोलू." कोणी हललं नाही. रांगेतला एक म्हातारा सुभेदार पुढे झाला. "साहेब, बोलून टाका. जाऊ द्या त्याला." साहेबाने मागे वळून रांगेकडे पाहिलं. त्याचेच पगारी लोक, पण एकाचीही नजर खाली गेली नाही. मग त्याने गॉगल काढला आणि पुटपुटला, "तो... तोफेचा गोळा होता. शत्रूचा."

लग्नापासून वहिनी या माणसासमोर अवाक्षर बोलली नव्हती. ती म्हणाली, "मागच्यांना ऐकू नाही गेलं. परत सांगा. आणि त्या रस्त्याने जीप कोणी न्यायला लावली, तेही सांगा."

त्याने सांगितलं. मोठ्याने, सगळं.

मी बाजूला झालो. पिंडाला कावळा कधी शिवला ते मी पाहिलंच नाही. मी साहेबाचं तोंड बघत होतो.