माझी सोंगटी कोणी मारत नाही

मोबाइलवरच्या खेळांना मी गुण देते. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे समोर काहीही आलं तरी हात लाल पेन शोधायला लागतो. नवरा गेला तेव्हा माझ्या निवृत्तीला फार काळ झाला नव्हता. आम्हाला मूलबाळ नाही. विरारच्या या फ्लॅटमध्ये मी, दोन खुर्च्या आणि एक फोन असे उरलो. दिवसकार्य आटोपल्यावर भाची आली आणि तिने माझ्या फोनमध्ये पाच-सहा खेळ भरून दिले. "आत्या, टाइमपास होईल तुझा," म्हणाली. पोरीचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूंचा मला तेव्हापासूनच कंटाळा यायला लागला होता, पण ते तिला कसं सांगणार.

पहिला खेळ रंगीत गोळ्या जुळवायचा. तीन गोळ्या एका ओळीत आल्या की फुटतात आणि आतून एक पुरुष जाड आवाजात इंग्रजीत शाबासकी देतो. मी काही केलेलं नसतं. गोळ्या आपल्याआपण घसरतात, आपल्याआपण फुटतात, आणि हा बाबा आपला वाहवा करत सुटतो. माझ्या वर्गात मी अशी शाबासकी वाटली असती तर पोरांनी दुसऱ्या दिवसापासून वहीच उघडली नसती. मग एखादी पायरी येते, ती काही केल्या सुटत नाही. चार दिवस डोकं आपटावं, फोन फेकून द्यावासा वाटावा, आणि नेमकं तेव्हाच सगळ्या गोळ्या गुणी बाळासारख्या रांगेत येऊन उभ्या राहतात. मला हुशारी सुचली म्हणून नव्हे. मी उठून जाईन म्हणून. हे लक्षात आल्यावर माझी त्यातली गोडी गेली. दहापैकी तीन गुण, तेही रंगांसाठी.

दुसरा खेळ शेतीचा. तो उघडून मी एकटीच मोठ्याने हसले. माझं माहेर वसईजवळच्या गासचं, वाडीवाल्यांचं. केळी, फुलं, भाजी यांतच वाढलो आम्ही. या खेळात केळीला बोटाने पाणी द्यायचं, घटकाभरात घड तयार. तो काढला की त्याच झाडाला पुन्हा घड. मग पुन्हा. केळ एकदाच विते हो! घड उतरवला की ती तोडायची आणि बुडाशी आलेलं पील वाढवायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तिथल्या विहिरीचं पाणी कधी खारं होत नाही, वाऱ्याने बाग आडवी होत नाही, काहीच मरत नाही. जिथे काही मरत नाही तिथे मला करमेना. शून्य गुण.

आणि या सगळ्यांच्या मधे जाहिराती. एक बाई मोडक्या घरात बर्फात कुडकुडते आहे, छपराला भोक पडलंय, आणि तिला वाचवायला आपण योग्य खिळा ओढायचा. मी एकदा तो खेळ खरोखर उतरवून घेतला, कारण मला ती बाई बघवेना. आत बाईचा पत्ताच नव्हता. आत पुन्हा गोळ्या. ती बिचारी जाहिरातीत अजून कुडकुडतेच आहे, रोज दिसते, आता आमची जुनी ओळख झाली आहे.

तर मुद्दा लुडोचा. भाचीनेच ते जमवलं होतं. दिवेलागणीला ती, माझा भाऊ आणि वहिनी गासला आपापले फोन घेऊन बसणार, मी इकडे विरारला, आणि चौघांनी मिळून डाव खेळायचा. त्या वेळेला घर सगळ्यात जास्त खायला उठतं हे वहिनीने ओळखलं होतं. आई भावाजवळ पाटावर बसून बघणार. तिला फोनवर खेळता येत नाही. वाडीत राबून राबून तिची बोटं इतकी कोरडी आणि राठ झाली आहेत की तिने काच दाबली तरी फोनला कळत नाही.

पहिला डाव मी जिंकले. दुसराही. तिसऱ्या-चौथ्याला मला वाटलं, बरं आहे, नशिबाने कुठेतरी हात सैल सोडला. मग ध्यानात आलं की माझी सोंगटी कोणी मारतच नाही.

आमच्या माहेरचा एक नेम आहे. पूर्वी दुपारी वाडीतून आल्यावर घरात पट मांडला जायचा, कवड्या टाकून खेळायचे. त्या वेळेपासून चालत आलेला नेम असा, की ज्याच्या घरात माणूस गेलं त्याची सोंगटी वर्षभर मारायची नाही. आईला लहानपणी कारण विचारलं तर म्हणायची, "जिला देवाने मारलंय, तिला आपण कशाला मारायचं?" कवड्यांच्या पटावर ते निभायचं. आपली सोंगटी आपल्या हातात असते, दुसरी पुढे सरकवली की झालं. फोनवर मात्र फजिती. फोनला आमचा नेम कोण सांगणार? एकच चाल शक्य असली की तो स्वतःच सोंगटी चालवतो. एकदा वहिनीची सोंगटी अशी आपोआप येऊन माझ्यावर बसली आणि माझी मरून परत सुरुवातीला गेली, तर तिचा लगेच फोन. आवाज रडवेला. "ताई, मी नाही हो मारली, त्यानेच मारली."

भावाने त्यावर तोड काढली. मारायची वेळ आली की तो फोन खाली ठेवून हाताची घडी घालून बसतो. वेळ संपते, त्याची पाळी बुडते. असं तीन-चारदा झालं की लुडो त्याला आळशी ठरवून डावातून हाकलून देतो. भाऊ बाहेर पडला की वहिनी, वहिनीमागोमाग भाची. शेवटी पटावर मी एकटी. ढोल वाजतात, पडद्यावर कागदाचे कपटे उडतात, माझ्या डोक्यावर सोन्याचा मुकुट येतो. आणि मी त्या मुकुटासकट कुकर लावायला उठते.

सांगायला लाज वाटते, पण मला त्यांचा राग येण्याऐवजी थकवाच यायचा. रागाला समोर कुणीतरी लागतं. इथे समोर सगळे हात जोडून उभे. आणि हे एकट्या लुडोत होतं असंही नाही. सोसायटीत टँकर आला की बायका माझी बादली पुढे करतात. "वहिनी, तुम्ही आधी भरा." पूर्वी याच बायकांशी पाण्यावरून माझी काय जुंपायची! अर्नाळ्याची कोळीण दारावर येते, तिच्याशी भाव करणं हा माझा आवडता खेळ होता. ती टोपली उचलून चार जिने उतरायची, मी दार लावायची, ती परत यायची. आता मी तोंड उघडायच्या आत ती वाटा ताटात टाकते, वर दोन बोंबील जास्त. "ऱ्हाऊ दे गो बाय, तुला काय भाव सांगू?" अगं बाई, सांग ना. जास्तीचा सांग. लबाडी कर जरा माझ्याशी.

माझा नवरा असा नव्हता. तो साताऱ्याकडचा, नोकरीसाठी इकडे आलेला, स्वभावाने शांत. पण पटावर बसला की त्याच्या अंगात यायचं. माझी सोंगटी अगदी घराच्या तोंडाशी पोचली की तो मागून येऊन मारायचा, मोठ्याने हसायचा आणि मग स्वतः उठून चहा टाकायचा. मी चहा न पिता रुसून बसायची. तो दोन्ही कप प्यायचा.

माझे वडील गेले त्या वर्षीची गोष्ट. गासला सगळे जमलो होतो, दुपारी लुडोचा पुठ्ठ्याचा पट मांडला. जावयाला आमचा नेम कुणी सांगितलेला नव्हता. त्याने नेहमीप्रमाणे माझी सोंगटी धाडकन मारली. सगळ्यांचे चेहरे पडले. आईने तर पदर तोंडाला लावला. नवरा बिचारा इकडेतिकडे बघायला लागला, काय चुकलं ते कळेना. आणि मी चिडून त्याच्या अंगावर फासा फेकला आणि हसले. वडील गेल्यानंतर पहिल्यांदा हसले. आई त्या दिवशी जावयाशी धड बोलली नाही. पुढे त्या गोष्टीचा विषय कुणी काढला नाही. मला वाटलं, ती विसरली असेल.

तर या मुकुटांना विटून मी एका रविवारी सरळ गासला गेले. नवऱ्याचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. जेवणं झाली, वहिनीने ओटीवर चटई टाकली, आणि भाचीने एकाच फोनवर आळीपाळीने खेळायचा लुडो लावला. मी म्हणाले, मला खेळायचं नाही.

"का गं?" भाऊ म्हणाला.

"कारण मी हरत नाही."

तो हसला. त्याला वाटलं मी मिजास मारतेय. मग मी बोलले. जास्त काही नाही, आवाजही चढवला नाही, तेवढी ताकद नव्हती. म्हटलं, जिंकून जिंकून दमले आहे मी. तुम्ही मला जपता ते कळतं. पण ज्याला कुणी मारत नाही तो खेळात नसतो. तुम्ही माझी सोंगटी पटावर ठेवली आहे, मला उठवून बाजूला बसवलंय. तो गेला, मी अजून आहे. हे म्हणताना माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, याचंच मला वाईट वाटत होतं.

 वहिनी चटईच्या काड्या मोडत बसली. भाऊ हळूच म्हणाला, "वर्ष होऊ दे ना. मग खेळू नेहमीसारखं." आणि त्याने आईकडे बघितलं, कारण नेम आईचा. आई सुपारी कातरत होती. तिने मान वर केली नाही.

"आज मी खेळते," ती म्हणाली. "पोरी, तू उठ. मला पिवळी दे."

भाचीने जागा दिली. आईने तिथल्या तिथे युक्ती काढली, की फोन मांडीवर घ्यायचा, बोट जिभेला लावायचं, पदराला अर्धवट पुसायचं आणि मग दाबायचं. ओल्या बोटाचं फोनला कळायला लागलं. तरी एकेका चालीला तीन-तीनदा दाबावं लागत होतं. डाव नेहमीसारखा चालला. भाऊ माझ्या मागे आला की दुसरीच सोंगटी हलवायचा, वहिनी तर माझ्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. माझी एक लाल सोंगटी पूर्ण फेरी मारून घराच्या तोंडाशी आली. आणखी एक घर, की आत वळणार. मला काही वाटत नव्हतं. मी अंगणातल्या आंब्याकडे बघत होते.

आईला चार पडले. तिच्या पिवळीपासून माझी लाल बरोबर चार घरांवर होती.

"आई, ती नको. ती दुसरी चालव, मागची," भाऊ घाईने म्हणाला.

आईने बोट जिभेला लावलं. पुसलं. दाबलं. फोनला कळलं नाही. तिने पुन्हा बोट ओलं केलं. वहिनी म्हणाली, "आई, चुकून दुसरीवर बोट पडतंय तुमचं." आईने तिसऱ्यांदा दाबलं, चांगलं जोर लावून.

पिवळी चार घरं टकटक चालत आली आणि माझ्यावर बसली. माझी लाल उलट्या पावली पळत सुटली, सगळा पट मागे मागे, जिथून निघाली होती तिथपर्यंत. भावाने कपाळाला हात लावला.

"आई, अगं काय केलंस!"

"जावई असते तर केव्हाच मारली असती," आई म्हणाली.

त्याचं नाव इतक्या महिन्यांत त्या घरात माझ्यासमोर कुणी काढलं नव्हतं. तेही चुकवून चुकवून चालत होते सगळे. आईने फोन माझ्याकडे सरकवला. काचेवर तिच्या बोटाचा ओला डाग होता.

आणि मला राग आला. खरा, सणसणीत, कानशिलं तापवणारा राग. एक घर उरलं होतं. फक्त एक घर. इतकी फेरी मारून आलेली सोंगटी, आणि स्वतःच्या आईने मारावी? मी फोन उचलला, फासा टाकला. सहा हवा होता. दोन पडले.

"बघ," मी आईला म्हणाले, आणि माझा आवाज चांगलाच चढला होता. "आता सोडत नाही तुला."

"नकोच सोडू," आई म्हणाली, आणि वहिनीला चहा टाकायला सांगितला.