वहिनींची मेडिकलची तयारी

पूर्वतयारी या विषयात कुणी डॉक्टरेट देत असतं, तर आमच्या वहिनींना ती तोंडी परीक्षेशिवाय मिळाली असती. वहिनी म्हणजे माझ्या एका सर्जन मित्राची बायको. रक्ताचं नातं नाही. पण साठीच्या दशकात इंग्लंडातल्या मेडनहेडच्या आसपास मराठी बोलणारी घरं इतकी थोडी होती, की जी होती ती आपोआप नात्यातली झाली. रविवारी नदीकाठी फिरायला जायचं ठरलं, की गुरुवारपासून त्यांच्या दाराशी छत्र्या, थर्मास, दशम्यांचा डबा आणि गाडी बंद पडलीच तर ढकलताना घालायचे जुने बूट, असा सरंजाम मांडलेला असे. आमच्या हिला सर्दी झाल्याचं त्यांनी एकदा फोनवरच्या आवाजावरून ओळखलं. आम्ही जेवायला पोचलो तेव्हा सुंठीचा काढा, निलगिरीचं तेल आणि हिच्यासाठी वेगळी उंच उशी हजर. "अहो, साधी सर्दी आहे," ही म्हणाली. "असू दे. वाढली तर?" असं वहिनींचं उत्तर. त्यांच्या एकाच तयारीचं कधी चीज झालं नाही. इंग्लंडला आल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांनी टोपडी आणि मोजे विणायला घेतले होते. ते सगळं वरच्या खोलीतल्या कपाटात गेलं आणि त्याबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे. आम्हीही विचारलं नाही.

मेडिकलचं खूळ शिरलं ते इस्पितळाच्या नाताळच्या पार्टीत. एका बड्या डॉक्टरांच्या पत्नीनं शेरीचा पेला सावरत वहिनींना विचारलं, "अँड व्हॉट डू यू डू, माय डिअर?" वहिनी पुण्याच्या संस्कृतच्या बी. ए.; पण ते तिथं सांगून कुणाला काय कळणार? "आय अ‍ॅम प्रिपेअरिंग," त्या म्हणाल्या. "हाऊ लव्हली! फॉर व्हॉट?" इथं वहिनी क्षणभर अडल्या आणि मग स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "फॉर मेडिकल स्कूल." माझ्या मित्राचा घास तोंडाशीच थांबला. गाडीत बसल्यावर तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "बोलून गेलीस, ठीक आहे. कोण लक्षात ठेवणार आहे?" वहिनी म्हणाल्या, "मी." तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या होत्या.

पुढच्या सप्टेंबरात त्या टेक्निकल कॉलेजात ए-लेव्हलच्या, म्हणजे विद्यापीठाआधीच्या परीक्षेच्या, वर्गात जाऊन बसल्या. फिजिक्स, केमिस्ट्री आणि झूऑलॉजी. मेडिकलला अर्ज करायचा तर हे तीन विषय हवेत, आणि वहिनींचा शास्त्राशी शेवटचा संबंध मॅट्रिकला आलेला. वर्गात सतरा-अठरा वर्षांची, खांद्यापर्यंत केस वाढवलेली पोरं आणि गुडघ्याच्या वर स्कर्ट गेलेल्या पोरी. मधोमध कांजीवरमवर कार्डिगन घातलेल्या वहिनी. आठवड्याभरात चिवड्याचा डबा वर्गभर फिरू लागला आणि पोरं त्यांच्याकडून मूलद्रव्यांची नावं पाठ करायला शिकली, कारण वहिनींनी ती संस्कृतच्या शब्दरूपांसारखी बसवली होती. स्वयंपाकघरातून "लिथियम, सोडियम, पोटॅशियम" असं "रामः, रामौ, रामाः"च्या चालीत ऐकू येई. मिथेन, इथेन, प्रोपेन पोळ्या लाटताना. घरी येणाऱ्या प्रत्येकाची नाडी पाहिल्याशिवाय चहा मिळत नसे. ब्रॅकनेलच्या कंपनीतला माझा साहेब एकदा माझ्याबरोबर आला, तर त्याला त्यांनी जीभ दाखवायला लावली. तो बिचारा ही हिंदू स्वागताची पद्धत समजला आणि त्यानं आमच्या सगळ्यांसमोर नम्रपणे जीभ बाहेर काढली.

झूऑलॉजीत चिरफाड होती. वहिनींनी जन्मात अंडंसुद्धा फोडलेलं नव्हतं. तेव्हा त्यांनी सुरुवात फ्लॉवरपासून केली. मग टोमॅटो, मग एके दिवशी छातीचा कोट करून त्या मासेवाल्याकडे गेल्या. त्यानं सवयीनं सुरी उचलून विचारलं, "शॅल आय क्लीन इट फॉर यू, लव्ह?" वहिनी ओरडल्या, "नो, नो! आय वाँट एव्हरीथिंग इनसाइड!" तो बांगडा त्यांनी नाकाला पदर बांधून, डोळ्यांतून पाणी गाळत ओट्यावर उलगडला आणि त्याचं हृदय सापडल्यावर शेजारच्या इंग्रज म्हातारीला दाखवायला बोलावून आणलं. सोवळ्यातल्या भांड्यांच्या फळीखाली बरणीतल्या नमुन्यांच्या फॉर्मलिनचा वास दोन वर्षं मुक्कामाला होता. हिंगानंही त्याच्यापुढे हात टेकले.

पण अर्ज पाठवल्यावर मेडिकल स्कूलांची उत्तरं येऊ लागली ती मात्र हसण्यासारखी नव्हती. वयाचा उल्लेख न करता वयाबद्दल खेद व्यक्त करणारी. शेवटी लंडनच्या एका मेडिकल स्कूलनं मुलाखतीला बोलावलं आणि आमच्या घरातली शांतता संपली. दर शनिवारी मी मुलाखतीचा अध्यक्ष. वहिनी दारावर टकटक करून आत येत, हस्तांदोलन करत आणि खुर्चीच्या कडेवर ताठ बसत. "व्हाय मेडिसिन?" मी विचारी. पहिल्यांदा त्यांनी लोकसेवेवर मोठं भाषण केलं. "वहिनी, सेवा पोस्टमनही करतो," मी म्हणालो. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "भावोजी, खरं सांगू? मला रिकामं बसवत नाही." "हेच तिथं सांगा," मी म्हणालो.

मुलाखतीच्या दिवशी माझा मित्र रजा घेऊन बरोबर गेला आणि बाहेरच्या बाकावर बसला. आत सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका वयस्क प्रोफेसरांनी विचारलं, "अँड युअर हजबंड? हाऊ विल ही मॅनेज?" त्या काळी बायकांना हा प्रश्न सर्रास विचारत. वहिनींना पाचशे उत्तरं पाठ होती, त्यांत हे नव्हतं. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आय डोन्ट नो, सर. ही इज सिटिंग आउटसाइड. प्लीज आस्क हिम." आणि त्या लोकांनी खरोखरच त्याला आत बोलावलं! आमचा मित्र मुळात मितभाषी. ऑपरेशनच्या टेबलाशीसुद्धा खुणांनी बोलणारा. चार अनोळखी चेहरे, एक प्रश्न. तो म्हणाला, "बॅडली, सर. बट प्लीज टेक हर." तिघे हसले. मंडळातल्या एकमेव बाई हसल्या नाहीत; त्यांनी चष्मा काढून पुसला.

पॅडिंग्टनहून आगगाडीनं निघाल्यावर वहिनी स्लाऊ स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत होत्या. स्लाऊ गेल्यावर म्हणाल्या, "'बॅडली' कशाला म्हणालात? आमटी येते की तुम्हाला!" आणि मग त्यांना रडू आवरेना. समोरच्या गृहस्थानं वर्तमानपत्र उंच धरून त्यांना आडोसा करून दिला.

जागा मिळाली, पण ए-लेव्हलच्या निकालाच्या अटीवर. ऑगस्टपर्यंत त्यांनी नापास होण्याचीही तयारी करून ठेवली: लायब्ररीतल्या नोकरीची चौकशी, सांत्वनाला येणाऱ्यांसाठी चकल्या. त्या चकल्या आम्ही पेढ्यांच्या ऐवजी खाल्ल्या. फिजिक्समध्ये त्या अगदी काठावर तरल्या होत्या.

मग पाच वर्षं त्या रोज आगगाडीनं लंडनला गेल्या-आल्या. आमच्या भेटी विरळ होत गेल्या. माझीही बदली झाली होती. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर, त्यांना डॉक्टर होऊन काही महिने झाले असतील, एका रविवारी दुपारी आम्ही दोघं बेसिंगस्टोकला त्यांच्या नव्या घरी गेलो. दार मित्रानं उघडलं. त्याच्या कमरेला एप्रन होता आणि आमटीला खमंग वास येत होता. वहिनी वॉर्डातून नुकत्याच आल्या होत्या. त्यांचे केस पिकले होते, आणि ते त्यांनी लपवले नव्हते. "भावोजी, काल आमच्या वॉर्डात एक आजोबा..." त्यांनी सुरुवात केली. आमची ही पाणी घेऊन येईपर्यंत त्या कोट अंगात असतानाच खुर्चीत झोपी गेल्या होत्या.

मित्रानं त्यांच्या पायांतले बूट अलगद काढले. आम्ही तिघं स्वयंपाकघरात, दार लोटून, हलक्या आवाजात जेवलो. निघताना मी विचारलं, "त्या आजोबांचं काय झालं?"

"मलाही अजून माहीत नाही," तो म्हणाला, "उठली की सांगेल." आणि आम्हाला फाटकापर्यंत पोचवून, आवाज होऊ नये म्हणून कडी हातानं धरून, त्यानं ते हळूच लावून घेतलं.