बारीक आवाजाचा फोनो

वडील दुकानातल्या गादीवर बसल्या बसल्या कलंडले. पाथरीत आमचं कापडाचं दुकान होतं, आणि त्या वेळी त्यांच्या हातात लुगड्याची घडी होती. उजवं अंग गेलं, वाचा गेली. हकीमसाहेब म्हणाले, जीव वाचलाय, पण आता डोकं जपा. मोठा आवाज कानावर पडू देऊ नका.

ते खरंच होतं. तांब्या हातातून निसटला तरी वडलांचं अंग शहारायचं आणि डोळ्यांतून पाणी यायचं. म्हणून आईनं दळण बाहेर द्यायला सुरुवात केली, उखळ परसाच्या टोकाला नेलं, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळासुद्धा काढून ठेवल्या. आम्ही सगळे हळू बोलायला लागलो आणि पुढं पुढं फारसं बोलेनासेच झालो.

या शांततेचा सगळ्यांत जास्त मार माझ्या बायकोला बसला. ती बीदरच्या पलीकडची, कन्नड बोलणाऱ्या गावातली. आम्ही लिंगायत, तिकडच्या सोयरिकी आमच्यात आधीपासून होत आलेल्या. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचे पाच-पंचवीस शब्द येत असतील. पण जात्यावर बसली की ती कन्नडमध्ये गायची. आई विचारायची, "काय म्हनतंय गं हे गानं?" ती हसायची, हातवारे करायची आणि पुन्हा गायला लागायची. जातं थांबलं तसं तिचं गाणंही थांबलं. त्याच साली आमची पहिली मुलगी जन्मली आणि महिना भरायच्या आत गेली. त्यानंतर तिच्या तोंडून "हौ" आणि "न्हाई" याखेरीज क्वचितच काही निघायचं.

काम मात्र तिनं सोडलं नाही. वडलांना भरवायचं तर तिनंच. चमच्यानं पेज द्यायची, ओघळलेली पदराच्या टोकानं टिपायची, कपाळाला विभूती लावून डाव्या तळहातावर पूजेचं इष्टलिंग ठेवून द्यायची. वडील तिच्याकडं बघत राहायचे. दोघांनाही बोलता येत नव्हतं, प्रत्येकाला आपापल्या कारणानं.

पिंगळीला नात्यातलं एक लग्न होतं. आई वडलांपाशी थांबली, आम्ही दोघं गेलो. नवरदेवाकडच्यांनी परभणीहून फोनो आणला होता. पितळेचा मोठा कर्णा, त्यावर नक्षी. चार-दोन हिंदुस्थानी तबकड्या झाल्यावर एक वेगळीच वाजली. बायका आत पुऱ्या लाटत होत्या. तिथून माझी बायको उठली आणि पिठाच्या हातांनी थेट बाप्यांच्या घोळक्यात, कर्ण्यासमोर येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर ढळलेला. पोरीबाळी हसायला लागल्या. तबकडी संपून नुसती खरखर ऐकू यायला लागली तरी ती हलली नाही.

परतताना गाडीत ती आपणहून बोलली. "माज्या गावची बोली हाय ती."

"कळलं मला," मी म्हटलं.

"तुमाला कसं कळलं?"

फोनो घ्यायचा, हे मी त्या गाडीतच ठरवलं.

आईला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "घरात मानूस पडलंय अन् तू बाजा आनायलास? लोक काय म्हनतेल?"

"लोकांना ऐकू जानार न्हाई असा आनतो."

"असा बाजा असतो का कुटं?"

मलाही ठाऊक नव्हतं. तरी एका सकाळी आम्ही दोघं मानवत रोडला आगगाडीत बसलो आणि परभणीला उतरलो. स्टेशनकडच्या बाजारात एक हैदराबादी दुकानदार होता. सायकली, कंदील, घड्याळं आणि फोनो असं सगळं विकायचा. माणूस भला, पण बोलका. आम्ही आत पाय ठेवला तोच त्यानं सगळ्यांत मोठ्या कर्ण्याच्या फोनोला चावी दिली. आवाज असा निघाला की रस्त्यावरचा टांग्याचा घोडा बिचकला. बायकोनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"बाई, ये देखो, आधे गाँव कू सुनाई देता!" तो अभिमानानं म्हणाला.

मी सांगितलं, आम्हाला असा नको. घरात आजारी माणूस आहे. एका खोलीत वाजला तर दुसऱ्या खोलीत जाऊ नये.

तो माझ्याकडं बघतच राहिला. "सेठ, सब लोगां बडा आवाज मांगते. तुम छोटा कायकू मांगते?" मग त्यानं एक उपाय केला. कर्ण्यात मूठभर चिंध्या कोंबल्या आणि तीच तबकडी पुन्हा लावली. आवाज दबला खरा, पण गाणारा जणू गोधडी पांघरून गात होता. शब्द एकही उमटेना.

बायकोनं मान हलवली. माझ्याशी बोलावं तसं, पण त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "आवाज बारकी पायजे. पन शब्द पुसू नये."

तिची मराठी अशीच होती. आवाज तिच्या लेखी कायम बाईच राहिला.

दुकानदारानं पेटीसारखा हातात धरून न्यायचा लहान फोनो काढला. त्याचा आवाज लहान होता, पण पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. तिनं तोही परत केला. मागं कोपऱ्यात, सायकलच्या टायरांखाली एक लाकडी पेटी होती. ती कुणी घेत नाही, असं तो स्वतःच म्हणाला. त्या पेटीचा कर्णा तिच्या पोटातच होता आणि पुढं दोन छोट्या झडपा होत्या. झडपा उघडल्या की आवाज बाहेर, लावल्या की कमी.

बायको त्या पेटीसमोर खाली बसली. झडपा पूर्ण लावून ऐकलं. पुन्हा तेच, गोधडीतलं गाणं. उघडून ऐकलं, फार मोठं. मग तिनं सुईकडं बोट दाखवलं. दुकानदारानं जाड सुई लावली होती. बारीक सुयांची एक डबी त्याच्याकडं होती, धूळ बसलेली, कारण बारीक सुईनं आवाज कमी निघतो आणि तसा कुणालाच नको असतो. ती सुई लावली. झडपा तिनं स्वतः हातानं थोड्या थोड्या सरकवत बोटभर फट ठेवली. त्या फटीतून जे आलं ते लहान होतं आणि स्वच्छ होतं. शेजारी बसून कुणी तुमच्यापुरतंच गावं, तसं.

सासऱ्यांना ती मामा म्हणायची. मला म्हणाली, "तुमी मागं जा. मामा तितं निजल्यात समजा."

मी दुकानामागच्या खोलीत गेलो, दार ओढून घेतलं, भिंतीशी उभा राहिलो. वडलांच्या कानांनी ऐकायचा प्रयत्न केला. काही ऐकू आलं नाही. रस्त्यावरून कुणी भाजीवाली ओरडत गेली तेवढंच. बाहेर येऊन पाहतो तर तबकडी फिरत होती आणि बायको झडपेला कान लावून डोळे मिटून बसली होती. दुकानदारही गप्प उभा होता. त्यानं सिकंदराबादेहून मागवलेल्या कन्नड तबकड्या होत्या तेवढ्या सगळ्या बांधून दिल्या.

घरी फोनो मधल्या खोलीत ठेवला. दुपारी वडलांचा डोळा लागला की मी दुकानातून येऊन चावी द्यायचो आणि ती झडपेपाशी बसायची. आई पहिले काही दिवस उंबऱ्याबाहेर तोंड फिरवून बसली. मग तोंड इकडं केलं. मग आत आली. बायको हळूहळू बोलायला लागली. चूल पेटवता पेटवता एखादी ओळ गुणगुणायची. आईनं ते ऐकलं की माझ्याकडं नुसती बघायची.

एका दुपारी वडलांच्या खोलीतून घशातला तो आवाज आला, त्यांना काही सांगायचं असलं की यायचा तसा. बायको घाबरली. तिनं तबकडीवरून सुई उचलली. आम्ही आत धावलो. वडील डाव्या हातानं खाटेच्या काठावर थापा मारत होते. चेहरा लाल झालेला. पाणी दिलं, ते त्यांनी सांडलं. कूस बदलून दिली, तरी थापा थांबेनात.

आई म्हणाली, "सोसंना त्यांला. बंद करा तो बाजा."

फोनोवर कापड पडलं. पण दुसऱ्या दुपारी त्याच वेळी वडील पुन्हा तसेच करायला लागले आणि बाजा तर बंद होता. तिसऱ्या दुपारीही तेच. आम्हाला काही उलगडेना. शेवटी बायको त्यांच्या खाटेशी बसली, त्यांच्या हाताकडं बघत राहिली, आणि एकदम म्हणाली, "आत्याबाई, मामा ताल धरायल्यात."

तिनं फोनो उचलून आणायला लावला. वडलांच्या उशाशी, झडपांची तेवढीच फट ठेवून तिनं तबकडी लावली. कुणीतरी शिवभक्तीची वचनं गात होतं. आमच्या घरी मठाच्या स्वामींकडून शिकलेली कन्नड वचनं वडलांना पाठ होती. त्यातला एक शब्दही न कळता ते ती आयुष्यभर पूजेच्या वेळी म्हणत आले होते. इतके दिवस भिंतीपलीकडून त्यांना ती पुसटशी ऐकू येत असणार. माझ्या कानांनी मला दुकानात फसवलं होतं. पडून राहिलेल्या माणसाचे कान फार लांबचं ऐकतात.

त्या दिवसापासून दुपारी दोघं बरोबर ऐकायची. तिला शब्द कळायचे, त्यांना चाल ठाऊक. वडलांचा हात थकला की ती स्वतःच्या हातानं खाटेवर ताल धरायची.

तिकडं विलायतेत लढाई सुरू झाली आणि परभणीत सुया मिळेनाशा झाल्या. जाड सुया मिळायच्या, बारीक नाहीत. बायकोनं बाभळीचा काटा लावून पाहिला. काट्यानं आवाज आणखी बारीक झाला आणि खरखर जवळजवळ गेली. मग ती शेतावर गेली की पदरात काटे बांधून आणायची, विळ्याच्या पात्यावर घासून टोकं करायची. ओला काटा मोडतो, फार जुना ठिसूळ होतो. वाळलेला पण अजून तपकिरी असलेला लागतो. हे तिचं तिनं शोधलं होतं. ते काटे करताना ती इतकी रमायची की मी हाक मारली तर दचकायची.

वडील गेले ते सकाळी, पूजेच्या वेळी, लिंग तळहातावर असतानाच. तिनंच पहिल्यांदा ओळखलं. मठातले लोक येऊन आमच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवून माती देऊन गेले, तेव्हा आईपेक्षा ती जास्त रडली.

पुढं वर्षभरानं तिला दिवस गेले. पहिल्या वेळचं मनात होतं, म्हणून बाळंतपण माहेरी करायचं ठरलं. निघताना मी म्हटलं, "फोनो घेऊन जा. तिकडं ऐकशील."

ती हसली. "तितं समदे माजीच बोली बोलत्यात. पेटी कशाला?"

गाडीत बसताना तिनं मला बजावलं, की काटे डबीत आहेत, ओल लागू देऊ नका. मानवत रोडला मी तिला तिच्या भावाबरोबर आगगाडीत बसवून दिलं.

पुढं एके दिवशी मी दुकानात खण मोजून देत होतो. वर बघितलं तर तिचा भाऊ पायरीशी उभा. घेणारी बाई किनारीचं काहीतरी विचारत होती आणि मी तिला उत्तरंही देत होतो. तो म्हणाला, "दाजी, पोरगी चांगली हाय."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. ते आलंच नाही. पायरीवरच बसला आणि डोक्याचा पटका सोडून तोंडाशी धरला.

बाळंतपणानंतर ताप आला होता. आठवडाभरही टिकली नाही. मी पोचलो तेव्हा तिच्यावरच्या मातीला तडे गेलेले होते. तिची आई माझे दोन्ही हात धरून कितीतरी वेळ कन्नडमध्ये बोलत होती, मधूनच लेकीचं नाव घेत होती. मला काही कळत नव्हतं आणि सांगायच्या स्थितीत कुणी नव्हतं. शेवटी बायकोनं काय मागितलं, काय बोलली, हे त्या बोलण्यात असणार. मुलगी अंगावर पिणारी, मामीला तेव्हा तान्हं होतं, म्हणून तिला तिथंच ठेवून मी एकटा परत आलो.

घरी फोनो वाजवला नाही असं नाही. वाजवला. पिंगळीच्या लग्नातली ती तबकडी बायकोची सगळ्यांत आवडती. परभणीच्या त्या दुकानात मिळाली होती. ती लागली की दर वेळी तिचे डोळे भरायचे. एकदा मठात उतरलेले एक कन्नड जंगम घरी भिक्षेला आले. मी त्यांना बसवून ती तबकडी ऐकवली आणि अर्थ विचारला. मला वाटलं होतं लेक, माहेर, ताटातूट असं काही असेल. ते हसायलाच लागले. म्हणाले, "अहो, हे तर नाटकातलं आहे. एक बाई वांगी विकणारीशी भांडते आहे, की वांगं किडकं का दिलंस."

मी त्यांच्याबरोबर हसलो. ते गेल्यावर मधल्या खोलीत जाऊन तीच तबकडी पुन्हा लावली.

मुलगी तीन वर्षांची झाल्यावर तिच्या मामानं आणून सोडली. चेहरा आईचा, बोली आईची. आम्हाला तिचं काही कळेना, तिला आमचं. भूक लागली की काही म्हणायची, आम्ही पाणी आणायचो. ती पाय आपटून रडायची. आईला, म्हणजे आपल्या आजीला, ती तिकडच्यासारखं "अव्वा" म्हणायची. आई तिला मांडीवर घेऊन मराठीत बोलत राहायची, ती कन्नडमध्ये, आणि कधी कधी दोघी तशाच झोपी जायच्या.

मग एकेक शब्द बदलत गेला. आधी भाकर, मग पाणी, मग गल्लीतल्या पोरींशी खेळता खेळता भांडणातले शब्द. कन्नड कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही. एके दिवशी ती अंगणातून पळत आली आणि ओरडली, "आज्जे, मला गूळ दे!"

आईनं गूळ दिला. माझ्याकडं वळून म्हणाली, "घे, लेकरू आपलं झालं." आणि भिंतीकडं तोंड करून पदर डोळ्यांना लावला. मी दुकानाची किल्ली घेतली आणि निघालो.